दरीला दिलेला शनिवार

धाकट्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षीची ही गोष्ट. मी लिहायला उशिरा शिकलो, त्यामुळे सजवून सांगणं मला जमत नाही. घडलं तेवढंच लिहितो.

नवा जावई आम्हाला दरीवरचा पूल दाखवायला घेऊन गेला. मी, बायको आणि बायकोचा भाऊ. मेव्हणा गोदामात हमाल. अंगाने दांडगा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत.

दोन कड्यांमध्ये लोखंडी पूल. पायाखाली जाळी. जाळीखाली, खूप खोल, दोरीएवढी नदी.

पुलाच्या मध्यावर पैलवान मटकन खाली बसला.

पाय उचलेनात. शेवटी रांगत मागे फिरला. भर दुपारी, सगळ्यांसमोर.

"मामा, कडेवर घेऊ का?" जावई हसत सुटला. आजूबाजूचे लोकही हसले.

मला कुठे तोंड लपवू असं झालं. नव्या जावयासमोर आमचं नाक कापलं गेलं होतं.

"ऊठ रे, लोक बघतायत," मी पुटपुटलो.

बायकोने त्याला हाताला धरून काठावर आणलं. जावई चहाच्या टपरीकडे गेला. पैलवानाने अंगावरची धूळ झटकली आणि काही झालंच नाही अशा थाटात दरीकडे हात हलवला.

"बरं का रे बाबा, येतो!"

निघताना आपण म्हणतो, तसंच.

तोवर लोकांनी मारलेली प्रत्येक हाक दरीत घुमून परत येत होती. ही आली नाही...

मग खालून आवाज आला. शेजारच्या घरातून कोणी विचारावं, इतका साधा...

"कधी?"

पैलवानाला वाटलं, जावईच चेष्टा करतोय.

"शनिवारी!" तो ओरडला. "सुट्टी असते!"

मी वळून पाहिलं. जावई टपरीवर उभा होता. तोंडात बिस्कीट.

पैलवानानेही तिकडे पाहिलं, आणि दरीकडे पाठ करून भराभर चालू लागला.

शनिवारी सकाळीच पैलवान आमच्या खोलीवर आला.

"ताई, आज इथेच थांबतो. आणि दाजी, जावयाला सांगू नका हं. आधीच माझी शोभा झालीय."

बायकोने दाराला कडी लावली. मी त्याच्याजवळ कॉटवर बसलो. दुपारी त्याने माझा हात धरला. एवढा मोठा हात, पण थंडगार.

"दाजी, सोडू नका."

"नाही सोडत," मी म्हणालो.

सोडत... सोडत... सोडत...

आमची खोली ती केवढी. कपड्यांनी, भांड्यांनी गच्च भरलेली. तिथे आवाज घुमलाच कसा?

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"आई, मी आलोय."

जावयाचा आवाज.

पैलवानाने झटकन हात सोडवून घेतला. कपाळ पुसलं. ताठ बसला. पुन्हा हसं व्हायला नको म्हणून.

बायकोने कडी काढली.

बाहेर कोणी नव्हतं...

आणि आमच्या पाठीमागे, कॉटजवळ, कोणीतरी हळूच म्हणालं...

"आलास?"

आम्ही वळलो. पैलवान तसाच ताठ बसला होता. डोळे उघडे होते. श्वास नव्हता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. जावई संध्याकाळी कामावरून थेट आला. रडत म्हणाला, "बाबा, त्या दिवशी मी फार हसलो का हो?" मी नाही म्हणालो. खरं काय ते त्याला सांगायची मला आजही लाज वाटते. म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणेल.

माझा मेव्हणा, पैलवान, मुलीच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात, शनिवारी दुपारी, आमच्या खोलीत वारला.