राखलेलं गवत

माणूस कमरेइतक्या गवतात उभा आहे, नजर खाली पायाशी, दोन्ही हातांत काठी, आणि ती खांद्यावरून उगारलेली. आमच्याकडं हे बघून कुणाच्याही मनात एकच येतं — साप मारतोय.

माझ्याही मनात तेच आलं. आणि राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, हे नेकनूरपर्यंत माहीत आहे. भादव्यातली सकाळ होती, बारीक भुरभुर चालू होती आणि मी बांधावरचं गवत कापायला माळावर गेले होते. विळा हातात तसाच धरून पळाले.

"थांबा... मारू नका. धामण असंल ती. आमची उंदरं खाती."

तो दचकून वळला. काठी खाली आली. बघते तर काठीच्या टोकाला लोखंडाचा चपटा पंजा, आणि साप कुठंच नाही. त्याच्या पायाशी, गवताच्या पार बुडात, एक पांढरा चेंडू रुतून बसला होता.

"धामण न्हाई," तो म्हणाला. "गोल्फ हाय."

आता यावर माणसानं काय बोलावं? मी विळा पाठीमागं घेतला, पण राग काही खाली ठेवला नाही. साप नसला तरी त्याचे पाय आमच्या राखलेल्या गवतात होते. राखलेलं म्हणजे काय, तर पाऊस लागला की त्या रानात जनावर सोडायचं नाही, माणसानं पाय घालायचा नाही. दसऱ्याच्या आगेमागे गवत फुलोऱ्यात आलं की एकदाच कापायचं, गंज रचायची, आणि म्हशींना उन्हाळाभर पुरवायचं. दोन सालांपासून हे सगळं बाबांनी माझ्या हवाली केलं होतं. माझ्या राखणीत आजवर शेजारच्या शेळीनंसुद्धा तोंड घातलेलं नव्हतं, आणि हा बाबा त्यात बूट घालून उभा.

मी त्याला जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. तो ऐकत राहिला. पावसाचं पाणी त्याच्या भुवईवरून खाली येत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. शेवटी म्हणाला, "चुकलं. पन एसटीच्या खिडकीतून हे गवत दिसलं आन् जीव हरखला बगा."

गवत बघून हरखणारी मी आजवर फक्त आमची म्हैस पाहिली होती. हसू येत होतं, ते मी दाबलं.

त्याचं नाव अंगद. आमच्या शेजारच्या गहिनीनाथकाकांचा भाचा. त्याचे वडील पुण्यात एका गोल्फच्या मैदानावर कामाला, त्यामुळं हा तिथंच वाढला. बोली मात्र घरचीच राहिली होती. आधी खेळणाऱ्यांच्या पिशव्या उचलल्या, मग स्वतः खेळायला शिकला, आणि आता दसऱ्यानंतर त्याची मोठी परीक्षा होती. तीत पास झाला तर तो कायमचा खेळाडू, नाहीतर पुन्हा पिशव्या. बाकी खेळात तो कुणाला ऐकायचा नाही. फक्त चेंडू मैदानाच्या कडेच्या उंच गवतात गेला, की याची गाडी अडायची. गेल्या सालची परीक्षा त्यानं असल्याच गवतात घालवली होती. पुण्याच्या मैदानावर कामगाराच्या पोराला कडेचं गवत तुडवत सराव कोण करू देणार? म्हणून तो मामाकडं आला होता.

हे सगळं मला संध्याकाळी कळलं, काका त्याला घेऊन आमच्या ओसरीवर आले तेव्हा. बाबांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडं बोट केलं. मी दोन अटी घातल्या. एक, जुन्या खळ्याजवळचा वरचा कोपरा तेवढा त्याचा, बाकी माळाला पाय लावायचा नाही. आणि दुसरी, मारलेला प्रत्येक चेंडू सापडल्याशिवाय घरी जायचं नाही. कारण कापताना एखादा चेंडू पेंढीत गेला आणि पेंढी कडबाकुट्टीत गेली, तर पातं फुटून कुणाचा तरी जीव जायचा. मागं नुसता एक खडा गेला होता, तर पात्याचा तुकडा पत्र्यातून पार झाला. नेकनूरहून मुस्तकीमभाई मशीन दुरुस्त करायला आले, त्यांनी ते भोक बघून कानाला हात लावला होता.

अंगदनं दोन्ही अटी मान्य केल्या. मान्य करायला काय जातं? चेंडू शोधायला तर मलाच जावं लागलं. त्याला गवत कळत नव्हतं. तो हातानं वरून वरून चाळायचा, आणि चेंडू मारवेल गवताच्या गड्ड्यात खाली आरामात झोपलेला असायचा.

मग रोजचंच झालं. सकाळी धार काढून झाली की मी माळावर. तो गवतातून चेंडू उडवायचा, तो खळ्याच्या उघड्या जमिनीवर पडावा अशी खटपट. चारातला एखादा पडायचा, बाकीचे दोन हात पुढं जाऊन पुन्हा गवतात गडप. मग आम्ही दोन बाजूंनी गवत बाजूला करत यायचो. समोरासमोर आलो की मधे गवताची एक ओळ उरायची. ती बाजूला झाली की त्याचा चेहरा... आणि आम्ही दोघंही चेंडू शोधायचा सोडून भलतीकडंच बघायला लागायचो. कपिलधारच्या बाजूनं वारं आलं की ओल्या गवताचा वास अंगावर यायचा. तो वास मला लहानपणापासून माहीत आहे, पण त्या महिन्यात तो मला वेगळाच लागायचा, खरं सांगते.

एकदा मी म्हटलं, एवढं काय अवघड आहे त्यात, चेंडू काय पळून चाललाय? त्यानं काठी माझ्या हातात दिली. मी विळा फिरवतात तशी आडवी फिरवली. गवत काठीच्या मानेला गुंडाळलं, पंजा गर्रकन डावीकडं वळला, मनगट दुखलं आणि चेंडू जागचा हलला नाही. तो हसला नाही, एवढी अक्कल त्याला होती. त्यानं समजावून सांगितलं. मूठ घट्ट धरायची, पंज्याचं तोंड जरा उघडं ठेवायचं, काठी आडवी न आणता वरून खाली आणायची, आणि हाव करायची नाही. खोल गवतातून लांब मारायला गेलं की अजून खोल जातं. आधी बाहेर यायचं.

माझी मूठ नीट करताना त्यानं हात लावला नाही. नुसतं बोटानं दाखवलं, "करंगळी... जरा आत."

"ही?"

"ही."

करंगळीच ती, पण मी घरी आल्यावरसुद्धा तिच्याकडं बघत बसले. आई म्हणाली, काटा मोडला का? मी हो म्हटलं.

दिवस उलटत गेले आणि गवत फुलोऱ्यात आलं. हीच कापायची वेळ. आठवडाभरात गवताला कुसळं धरतात, काडी वाळते, मग म्हशी त्याला तोंड लावत नाहीत. लावलं तर कुसळं हिरड्यांत घुसतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गवत कापलं की कोपराही कापला जाणार, आणि कोपरा गेला की अंगद पुण्याची एसटी धरणार.

बाबांनी विचारलं, कधी धरायची कापणी? मी म्हटलं, पाऊस उघडू द्या. पाऊस उघडला. मग म्हटलं, जमीन वाळू द्या. जमीन वाळली. मग मला विळ्यांना धार नसल्याचं आठवलं. तेवढा कोपरा सोडून बाकीचं कापता आलं असतं म्हणा. पण मग आख्ख्या गावानं विचारलं असतं, कोपरा कुणासाठी सोडला? त्यापेक्षा सगळा माळ उभा ठेवणं मला सोपं वाटलं. एवढी हुशार मी.

एका सकाळी आईनं माझ्या ओढणीतून कुसळ उपटलं. पिकलेलं, काळं, टोकदार. ते तिनं माझ्या तळहातावर ठेवलं.

"गवत हातचं गेलं," ती म्हणाली. "माणसासाठी राखत हुतीस का म्हशीसाठी?"

मी चुलीपुढून उठले आणि सरळ माळावर निघाले. त्याला सांगायचं होतं, आजचा शेवटचा दिवस. रोजच्यापेक्षा लवकर निघाले होते, आणि ओढ्याच्या अंगानं वर चढले. खळ्याच्या मागून बघते तर तो कोपऱ्यात एकटाच होता. काठी वरून खाली आली, गवत कापल्याचा खस्सकन आवाज झाला, आणि चेंडू अलगद उठून खळ्याच्या मधोमध पडला. दुसरा त्याच्या शेजारी. तिसराही तिथंच. एकसुद्धा गवतात राहिला नाही.

आणि आदल्याच दिवशी या माणसानं माझ्यासमोर निम्मे चेंडू गवतात घातले होते.

माझ्या डोक्यात जाळ झाला. मी पुढं होऊन विचारलं, हे कधीपासून येतंय? त्याचा चेहरा पडला. म्हणाला, आठ-दहा दिवस झाले असतील. मग रोज चेंडू कुणासाठी हरवत होता? त्यानं मान खाली घातली. परत ये म्हणून मैदानावरून दोनदा फोन येऊन गेले होते, हेही त्यानं सांगून टाकलं.

"म्या हितं म्हशींचा घास मातीत घातला," मी म्हटलं, "आन् तुमी नाटक करता?"

त्यानं वर बघून विचारलं, "तुमी कावून कापलं न्हाई?"

वारं आलं, पिकलेलं गवत सळसळलं. मी तोंड फिरवलं आणि उद्या कापणी आहे एवढंच सांगून खाली उतरले. वाटेत रडले. रागानं रडले असं मी स्वतःला सांगत होते, पण तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारपाजारच्या बाया सावडीला आल्या. आमच्यात रोजंदारी नसते. आज तुम्ही आमच्यात कापायचं, उद्या आम्ही तुमच्यात. ज्यानं सावड केली त्याच्या रानात आपण जायचंच, त्यात सूट नाही. ओळ धरून आम्ही खालून वर निघालो. ओढ्याकाठचं गवत अजून हिरवं होतं, पण वरचा निम्मा माळ पार वाळून गेला होता. तो आता छपराला आणि गोठ्यात अंथरायला. बाबांनी एक मूठ हातात चुरून बघितली, खाली टाकली आणि गंजीवर चढले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

माझ्या शेजारची ओळ रिकामी होती. थोड्या वेळानं तिथं कुणीतरी येऊन बसलं. मी बघितलं नाही. पण विळा इतका वाकडा चालत होता की बघावंच लागलं. अंगद. मामाचा विळा, अंगभर कुसळं, आणि अंगठ्याला चिंधी.

"परवा एसटी हाय माजी," तो हळू आवाजात म्हणाला. "पास झालो तर येऊन इचारायचं ठरवलं हुतं. पिशव्या उचलणाऱ्यानं कुण्या तोंडानं इचारावं?"

"आन् नापास झाला तर?" मी म्हटलं. "त्याची शिक्षा मला कावून?"

त्याचा विळा थांबला. माझाही. पलीकडं बाया बोलत होत्या, त्या अचानक गप्प झाल्या.

"म्या आज तुज्या रानात सावड केली," तो म्हणाला. आजवरचं 'तुमी' कुठं गेलं, त्याचं त्यालाच कळलं नसावं. "आता तुला आमच्यात यावं लागंल."

"तुमच्यात कुठं गवत हाय?"

"मैदानाच्या कडंनी. लई हाय."

"एका दिसात उरकंल?"

"न्हाई उरकायचं," तो म्हणाला. "जन्मभर पुरंल."

आईनं आपल्या ओळीतून मान वर न करता सांगितलं, "आमी सावडीला पोरगी एकटी धाडत न्हाई. रीतीनं बापाला इचारावं म्हनावं."

मला वाटलं, हा आता लाजेनं मरणार. पण तो उठला. विळा खाली ठेवला, आणि सगळ्या बायांच्या देखत कापलेल्या रानातून चालत गंजीपाशी गेला. बाबा वर, हा खाली. मान वर करून त्यानं सरळ विचारलं. परीक्षेचं सांगितलं, नापास झालो तर काय, तेही सांगितलं. काही लपवलं नाही.

बाबांनी हातातली पेंढी खाली ठेवली. मग त्याच्या डोक्यावरून त्यांनी माझ्याकडं बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"संस्कृती, काय म्हणतीस?"

आख्खा माळ माझ्याकडं बघत होता. एरवी माझ्याकडं सतरा उत्तरं असतात. त्या वेळी एकच होतं, आणि ते मी सगळ्यांना ऐकू जाईल असं दिलं.

"हो, बाबा. ह्यालाच."