हरणीचा पान्हा

वैजंताबाईंनी चरवी उचलली आणि हरणी म्हशीच्या मानेवरच्या पट्ट्याकडे पाहून रोजच्यासारखं नाक मुरडलं. एकवीस दिवस या पट्ट्याचं बटण दाबून धार काढली होती. आज तो परत जाणार होता.

महिन्यामागे हरणीचं रेडकू दगावलं, आणि ती पान्हा चोरू लागली. कास दगडासारखी, पण सडातून थेंब नाही. "अशीच आटली तर बाजार दाखवायचा," असं मुलाने सांगूनच टाकलं होतं. हरणी याच गोठ्यात जन्मली होती. वैजंताबाईंच्या घशाखाली घास उतरेना.

तेव्हा बहिणीची मुलगी, जनावरांची डॉक्टर शर्वरी, प्रयोगातला पट्टा घेऊन आली. "मावशी, पान्ह्याचं रसायन हिच्या मेंदूखाली तयारच आहे. इवल्या थैल्यांत भरून पेशींच्या भिंतीला टेकून उभं आहे. निरोप आला की थैली भिंतीशी एकजीव होते, तिचं तोंड बाहेर उघडतं आणि रसायन रक्तात उतरतं. रेडकू ढुशा देतं, तोच निरोप. आता तो पट्टा देईल."

"म्हंजे घागरी भरून उंबऱ्यावर हाईत, वतायला कोन न्हाई."

"अगदी तसंच! तू फक्त बटण दाबायचं. धार लागेपर्यंत बोलायचं नाही, थोपटायचं नाही. नाहीतर प्रयोग बिघडेल."

बोलायचं नाही म्हणे! म्हशीशी न बोलता धार काढणारी बाई त्या गावात अजून जन्मायची होती.

आज शर्वरीने बटण बंद केलं, थैल्या उघडल्याची पट्ट्यातली नोंद तेवढी चालू ठेवली. गोठ्याच्या दारातूनच बाईंनी हाक दिली, "काय गं सटवे, उठलीस का?" शर्वरीच्या हातातल्या पडद्यावर भराभर ठिपके उजळले. थैल्या उघडत होत्या. बाई खाली बसेपर्यंत हरणीचे सड भरून आले.

"मावशी! तू रोज बोलत होतीस?"

"वाईच," बाई ओशाळल्या. "बटनाच्या आधी. लेकरू गेलंय तिचं, गप कशी बसू?"

शर्वरी रागवायचं विसरून हसली. "प्रयोग बुडवलास माझा! रोज तुझा आवाज आणि मागोमाग बटण. आता तुझा आवाजच निरोप झालाय."

चरवीत धार वाजू लागली. बाईंना हायसं वाटलं, पण मनातली शंका जाईना. "मग ही माया माझी, का तुझ्या बटनाची?"

"ते मला नाही सांगता येणार. पण अशा थैल्या तुझ्याही डोक्यात आहेत. हिला पाहून त्याही उघडत असतील."

हरणीने मान वळवून बाईंचा खांदा हुंगला.

"पन मला तर कुनी पट्टा बांधला न्हवता," त्या म्हणाल्या. "मग माझं बटन कुनी दाबलं गं?"