करपलेल्या नानकटाया

"तुम्ही... मराठी?"

मी मान वर करून पाहिलं. माझ्यापुढच्या पाटावर बसलेला एक उंच, सावळा मुलगा पूर्ण मागे वळून माझ्याकडे बघत होता. त्याच्या मांडीवर पितळी डबा होता, माझ्या मांडीवर स्टीलचा.

२००४ सालचा ऑक्टोबर, रविवारची सकाळ. आदर्श नगरातल्या एका जुन्या बेकरीच्या मागच्या अंगणात आम्ही पंधरा-वीस जण नंबर लावून बसलो होतो. जयपुरात ही एक छान सोय आहे. तूप, साखर, पीठ घरून न्यायचं आणि बेकरीवाल्याच्या भट्टीतून आपली बिस्किटं भाजून आणायची. दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली, त्यामुळे गर्दी. सगळ्या अंगणात वेलचीचा आणि गरम तुपाचा वास भरून राहिला होता. मी नुकतीच मोबाईलवर आईला म्हणाले होते, "अगं नाही करपू देणार! मी काय लहान आहे?"

"मराठीच," मी म्हटलं. "पण तुम्ही चोरून ऐकत होता."

"चोरून नाही. तुम्ही इतक्या जोरात बोललात, भट्टीवाल्या भैयानं पण ऐकला असेल."

"ऐकलं असेल."

"तेच. ऐकलं." तो हसला. "माझी मराठी थोडी कच्ची आहे. बाबा फौजेत होते. जन्म अंबाल्याचा, शाळा जबलपूर, जोधपूर, मग इथे. मराठी फक्त आईकडून मिळाली... जेवढी मिळाली तेवढी."

त्याचं नाव निलय. सीतापुऱ्यात रत्नं परदेशी पाठवणारं एक युनिट आहे, तिथे तो खडे निवडायचा. दिवसभर उजेडात बसून एकेक खडा बघायचा – हा चांगला, हा जरा कमी, हा बाद.

"मीही सीतापुऱ्यातच असते," मी म्हटलं. "कॉलेजात शिकवते. बसनं जाते."

"मी स्कूटरनं." तो क्षणभर थांबला. "बस... चांगली असते का?"

मला हसू आवरेना. मी डब्याच्या झाकणाकडे बघत राहिले.

त्या डब्यात काय होतं, तेही सांगायला हवं. माझे बाबा, उमाकांत, विमा कंपनीत अधिकारी. दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. आणि प्रत्येक बदलीच्या वेळी, गाव सोडण्याआधी, आई बाबांच्या ऑफिसातल्या शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाला स्वतःच्या हातच्या दोन-दोन नानकटाया द्यायची. भोपाळला दिल्या, लखनौला दिल्या. आता नागपूरची ऑर्डर आली होती आणि उद्या दुपारी ऑफिसात निरोपसमारंभ होता. पण आठवड्यापूर्वीच आई जिन्यात घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये अडकला. म्हणून पहिल्यांदाच पीठ मी मळलं. आई शेजारी खुर्चीवर बसून सांगत होती – तूप अजून फेस, अजून... अजून. महिनाभर साय साठवून काढलेलं तूप होतं ते.

आमचा नंबर लागला. निलयची कणकेची बिस्किटं आणि माझे नानकटायांचे तीन पत्रे एकदमच भट्टीत गेले.

"अपना-अपना देखते रहना," भट्टीवाले भैया म्हणाले. "बोलोगे तब निकालूँगा."

आम्ही भट्टीच्या तोंडाशी उभे राहिलो. आणि बोलत राहिलो. बदलीच्या गावांविषयी, सोडून आलेल्या शाळांविषयी. कुठल्या गावात मैत्रिणीचा निरोप घेताना मी रडले आणि कुठल्या गावापासून रडायचं बंद केलं, हेही मी सांगून टाकलं. का कोण जाणे! त्याची सवय अशी, की नीट ऐकताना तो एक डोळा किंचित बारीक करायचा. त्यामुळे बोलतच राहावंसं वाटायचं.

त्याची बिस्किटं निघाली, डबा भरला, तरी तो गेला नाही.

"मॅडम, निकाल दूँ?" भैयांनी विचारलं.

मी निलयकडे पाहिलं. "झाल्या असतील का हो?"

त्यानं वाकून आत बघितलं. "पाँच मिनट और, भैया."

त्यानं सांगितलं आणि मी ऐकलं.

पत्रे बाहेर आले तेव्हा वरून सगळं सुंदर दिसत होतं. फिकट सोनेरी, मधोमध पिस्त्याचा तुकडा. पण वास... वास वेगळा होता. मी एक उलटी केली. खालून काळी. दुसरी केली. काळी. मागच्या पत्र्यावरच्या तर कडेपर्यंत करपल्या होत्या.

"गाय को डाल दो," भैया सहज म्हणाले आणि पुढच्या नंबराकडे वळले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं आलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

"पाच मिनिटं! तुम्हाला काय कळतं नानकटायांमधलं? माझ्या आईनं महिनाभर तूप साठवलं होतं! उद्या बाबांच्या ऑफिसात..." मी ओढणीनं धरून पत्रा उचलला आणि अंगणातल्या कचऱ्याच्या पिंपाकडे निघाले.

"थांबा!" तो आडवा आला. "आत्ता फेकू नका. मी चूक केलीये ना? मग मला बघू द्या. माझं घर मागच्याच गल्लीत आहे. प्लीज."

त्याच्या चेहऱ्यावर इतका अपराधी भाव होता, की मी मुकाट्यानं डब्यात नानकटाया भरल्या.

त्याची आई, शालनकाकू, दारातच भेटल्या. साताऱ्याकडच्या. काय झालं ते लेकानं दोन वाक्यांत सांगितलं.

"अगं आत ये की! उंबऱ्यावर का उभी तू?" त्यांनी डबा हातात घेतला, एक नानकटाई उलटी करून बघितली आणि लेकाकडे बघितलं. "ह्याला खडं कळत्यात, पीठ कळत नाही. बस तू. गार हुईस्तवर हात लावायचा नाही. गरम घासल्या तर भुगा हुतोय."

आम्ही वाट बघितली. चहा झाला. मग निलय खिडकीशी, उजेडात मोठी परात घेऊन बसला आणि त्यानं निवडायला सुरुवात केली. प्रत्येक नानकटाई तो बोटांत फिरवून खालून बघायचा, कड बघायचा, मग ठेवायचा. तीन ढीग झाले. घाईत कुणी इतकं शांत कसं राहू शकतं, ते मी बघत बसले. मधेच कधीतरी राग कुठे गेला, कळलंही नाही.

"हा ढीग तसाच ठीक आहे," तो म्हणाला. "हा घासून ठीक होईल. आणि हा..." त्यानं तिसऱ्या ढिगातली एक मोडली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली.

कडू. जिभेच्या मागे रेंगाळणारं कडू.

"घासू या ना," मी म्हटलं. आता मलाच त्या टाकवेनात. "जास्त घासू. थोडा कडूपणा राहिला तर काय होतं? पिस्ता लागतो मधेमधे."

"नाही."

"तुम्हीच म्हणालात फेकू नका!"

"बघितल्याशिवाय फेकू नका म्हणालो. आता बघितलं." त्यानं मोडलेला तुकडा माझ्यापुढे धरला. आतपर्यंत तपकिरी रंग चढला होता. "हा आत गेलाय. हे कोणाला दिलं, तर तो तुमच्या आईच्या हातचं कडू होतं म्हणेल. ते चालेल तुम्हाला?"

मला चालणार नव्हतं. तिसरा ढीग मीच उचलला आणि केरात टाकला. तेवढं तूप गेलं, याचं वाईट वाटलं... पण हलकंही वाटलं.

मग बारीक किसणी घेऊन आम्ही दोघं समोरासमोर बसलो. अगदी अलगद, गोल-गोल फिरवत खालची काळी पापडी काढायची. काळी पूड परातीत पडायची, हात काळे व्हायचे. दोनदा आमची बोटं एकमेकांना लागली. दोनदा आम्ही दोघांनी "सॉरी" म्हटलं. तिसऱ्यांदा कोणीच काही म्हटलं नाही.

शालनकाकू आतून म्हणाल्या, "झालं का रं? का संध्याकाळपतुर घासताय?"

उरल्या त्या ऑफिसला दोन-दोन पुरणार नव्हत्या. जेमतेम एकेक.

"आईला सांगते, भैयानं कमी दिल्या," मी रस्त्यात म्हटलं. तो डबा घेऊन माझ्याबरोबर चालत होता.

"खोटं?"

"छोटंसं."

"मी सांगतो खरं. चूक माझी आहे."

माझी आई, रत्नप्रभा, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून दारातच वाट बघत होती. तिनं डाव्या हातानं एक नानकटाई उचलली. बघितली. उलटी केली.

"खालून घासलीये."

मी तोंड उघडायच्या आत निलय पुढे झाला. "काकू, मी निलय. मी चूक केली. भैया पत्रे काढत होते, मीच म्हणालो अजून पाच मिनिटं. तनयाजींची काही चूक नाही."

आईनं त्याला नीट न्याहाळलं. मग नानकटाईचा घास घेतला, सावकाश चावला.

"कडू नाहीये," ती म्हणाली. "घासलीतही छान, एकसारखी. पण काय रे, तुला भाजणीतलं कळत नव्हतं, तर पाच मिनिटं कशाला सांगितलीस?"

निलय लाल झाला. कानापर्यंत लाल.

"ते... मतलब..." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "पत्रे बाहेर आले असते तर... या निघून गेल्या असत्या ना."

आई दार पूर्ण उघडून म्हणाली, "आत ये. हात धू आधी."

दुसऱ्या दिवशी बाबांनी ऑफिसात सगळ्यांना एकेक नानकटाई दिली आणि सांगितलं, "दोन देणार होतो, पण माझी मुलगी बोलण्यात रमली." लोक खूप हसले म्हणे. घरी येऊन बाबांनी मला हे सांगितलं, आणि कोणाशी बोलण्यात रमले होते, ते मुद्दाम विचारलं नाही.

मंगळवारी मी सकाळी बसमध्ये चढले, तर खिडकीशी निलय.

"स्कूटर?"

"आहे ना. घरी." त्यानं शेजारची जागा मोकळी केली. "बस खरंच चांगली असते."

पुढचे पंधरा दिवस बस चांगलीच होती. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, आठवत नाही. घरी मात्र एकेक भिंत रिकामी होत होती, खोकी बांधली जात होती. नागपूरचा विषय आम्ही दोघंही काढत नव्हतो. तो खिडकीबाहेर बघायचा, मी पर्समधल्या राजीनाम्याच्या कागदावर हात ठेवून बसायची. पाच दिवस तो कागद घेऊन मी प्राचार्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

सहाव्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "बाबा, मी मार्चपर्यंत इथे राहू? कॉलेजच्या हॉस्टेलात खोली मिळतेय. वर्षाच्या मध्ये मुलांना सोडून जाणं बरं वाटत नाही."

बाबा बराच वेळ भात कालवत राहिले. "मुलांना मध्येच सोडू नयेच," शेवटी ते म्हणाले.

"मुलांनाच का?" आई म्हणाली आणि आमटी वाढायला लागली.

आई-बाबांची गाडी दुपारची होती. निलय स्टेशनवर आला, न सांगताच सामान उचललं, बाबांच्या पाया पडला. आई खिडकीत बसली होती. गाडीची शिटी झाली तशी तिनं डाव्या हातानं त्याला जवळ बोलावलं.

"मार्चमध्ये हिला न्यायला आम्ही येणार नाही," ती म्हणाली. "तूच घेऊन ये नागपूरला. आणि येताना तुझ्या आईलाही आण. तुझे बाबा आले तर फारच छान."

"हो काकू, नक्की," तो म्हणाला.

गाडी हलली. आईचा हात दिसेनासा होईपर्यंत मी बघत राहिले. या वेळी गाव सोडून गेले ते बाकीचे, आणि फलाटावर उभी होते मी. रडू आलं, ते मी येऊ दिलं. निलय शेजारी उभा राहिला.

मग आम्ही बाहेर जायला निघालो. दहा-बारा पावलं गेल्यावर त्यानं विचारलं, "आईबाबांना कशाला आणायचं? मी एकटा पण सोडू शकतो ना तुला."

मी त्याच्याकडे पाहिलं. खरंच कळलं नव्हतं त्याला!

"विचार कर," मी डोळे पुसत म्हटलं.

तो आणखी चार पावलं चालला. आणि एकदम थांबला. हमाल त्याला वळसा घालून पुढे गेला.

"तनया... काकू मतलब... लग्नाचं म्हणत होत्या?"

तो इतक्या मोठ्यानं म्हणाला, की चहावाला किटली धरून वळला.

"हो," मी म्हटलं. "आईनं बोलणीसुद्धा ठरवली. आणि तू अजून मला काहीच विचारलं नाहीयेस."

निलयनं आजूबाजूला पाहिलं. ट्रंकांवर बसलेलं एक कुटुंब, चहावाला, हमाल – सगळे आता उघडउघड आमच्याकडे बघत होते. त्यानं केसांवरून हात फिरवला, शर्ट नीट केला.

मग तिथेच, त्या सगळ्यांसमोर, त्यानं मला विचारलं.

मी 'हो' म्हणायच्या आधी चहावालाच म्हणाला, "हाँ बोल दो, दीदी."

मी हो म्हटलं.