चंद्रकलानं काढलेली लोंब

"माह्या आसगावात धान झालाच नाही, असं कोण म्हनते?"

मी मान वर केली. दारात एक पोरगी उभी. खांद्याले कापडी पिशवी, पदरावर रस्त्याची धूळ... आणि डोळे असे, की मी हातातली फ्लॉपी उलटीच खुपसली.

"कंप्युटर म्हनते," मी म्हटलं.

"हो का? कंप्युटर आसगावले कवा आला होता?"

१९८७ चा डिसेंबर होता. भंडाऱ्यात आमचं धान पाहणीचं ऑफिस. गावोगावचे फॉर्म यायचे, ते मी कंप्युटरात भरायचो. मले कोणी शिकवलं नव्हतं. जवाहरनगरच्या क्वार्टरात बसून एक इंग्रजी पुस्तक चार वेळा वाचलं, तेवढंच माझं शिक्षण. पण ऑफिसात दुसऱ्या कोणाले तेही येत नव्हतं, म्हणून मी जरा हवेतच असायचो. खरं तेच सांगतो.

ही चंद्रकला. आसगावची चाळीस घरं तिनं पायी फिरून केली होती. अन् माझ्या कागदावर आसगावचं उत्पन्न एकरी साडेचार क्विंटल निघालं... शेजारच्या गावांच्या निम्मं. आमच्या ऑफिसच्या ताराचंद साहेबांनी ठरवूनच टाकलं की पोरीनं फॉर्म घरी बसून भरले. सोमवारी तिचं नाव कामावरून काढणार होते.

"आज शुक्रवार हाय," ती म्हणाली. "मी खोटं लिवलं असंन तर दाखवा."

मी तिचा गठ्ठा सोडला. वाण, रोवणीची तारीख, एकरी उत्पन्न. कितीतरी खान्यांत तिनं पेनानं इवलीशी धानाची लोंब काढली होती.

"हे नक्षी कायले काढली?"

"नक्षी?" तिचा आवाज चढला. "अवो, माहिती अजून आली नाही, त्याची खूण हाय ती! तलावाखालच्या वावरांत भारी धान असते, उशिरा पिकते. मी गेली तवा उभाच होता. उभ्या धानाचं उत्पन्न काय लिवू? अन् कवडू घरी नव्हता, त्याच्या बायकोले तारीख आठवेना... तिथंही लोंबच. गठ्ठ्याच्या शेवटी चिठ्ठी लावली होती. वाचली का?"

वाचली नव्हती.

"मंग लोंबीच्या जागी तुमी काय भरलं?"

"वाणाच्या खान्यात... आडवी रेघ. तारखेत एक जानेवारी."

"जानेवारीत रोवनी? तुमच्या कंप्युटरात होते वाट्टे!"

"अन् उत्पन्नात... शून्य."

ती खुर्चीवर बसली. हसली नाही.

"शून्य म्हंजे झालाच नाही. लोंब म्हंजे मले अजून ठाऊक नाही. माह्यी सगळीकडं एकच खूण होती, तुमी तिचे तीन सोंगं केले."

ऐकायले बरं वाटत नव्हतं, पण खरं होतं. आमच्या कंप्युटरात नाव रिकामं सोडता आलं असतं, तारीखही, पण आकड्याचा खाना सोडला की तो मोजताना शून्यच धरायचा.

"उणे एक टाकू का मंग?"

"म्हंजे सरासरी अजून खाली!" तिनं कपाळाले हात लावला. "प्रत्येक खान्याच्या बाजूले एक लहान खाना करा ना. नाव असो, तारीख असो, आकडा असो. माहिती नाही आली, तर त्यात लोंब. अन् त्याले सांगा, लोंब दिसली का बाजूचं मोजू नको."

"कंप्युटरले लोंब काढता येत नाही."

"इंग्रजी एल तर येते?"

शनिवारी ती सकाळच्या एसटीनं पुन्हा आली. ती वाचायची, मी खटखट टाईप करायचो. दोनदा लाईट गेली, दोनदा पहिल्यापासून केलं. मले राग आला नाही.

"जरा हळू वाचा," मी म्हटलं.

"काहून? बोटं दुखून राहिले?"

"नाही... तुमची बस पाचची हाय ना."

तिनं फॉर्म तोंडासमोर धरला. पण पुढचा खाना खरंच हळू वाचला.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर नवा कागद ठेवला. चंद्रकला दारात उभी होती. उत्पन्न कळलं ती वीस घरं, एकरी नऊ क्विंटल. खाली लिहिलं होतं—वीस घरांचं यायचं आहे. साहेबांनी दोनदा वाचलं. "पोरीचं नाव राहू द्या," ते म्हणाले. "उरलेले वीस घरं तिलेच करायले सांगा."

चूक माझी होती, तेही मी सांगितलं. साहेब माझ्याकडं पाहत राहिले. चंद्रकला पण.

स्टँडवर मी तिले वीस कोरे फॉर्म दिले. वर एकविसावा, माझ्या हातानं आखलेला. प्रश्न एकच, माझ्या नावाचा—भोजराज पसंत आहे का? खाली दोन खाने. उत्तर. तारीख.

तिनं वाचलं. घडी केली, पिशवीत टाकली, बसमध्ये चढली.

एक हप्ता गेला. तीन गेले. आई म्हणायची, "जेवून काहून नाही राहिला रे?" काय सांगणार? मनात मी शून्य भरून मोकळा झालो होतो.

जानेवारीत ती आली. टेबलावर गठ्ठा ठेवला. वीस फॉर्म भरलेले. सगळ्यात खाली एकविसावा... दोन्ही खान्यांत लोंब.

"तुमी शून्य धरलं असंन," ती म्हणाली.

"...हो."

"सवयच हाय तुमची! बाबाले विचारल्याबिगर कशी लिवू? भारी धान कापून होईस्तोवर ते घरी बसतीन तवा ना? परवा बसले. परवा विचारलं."

तिनं माझ्या खिशातला पेन काढला. उत्तराच्या खान्यातली लोंब हळूच खोडली अन् बाजूले लिहिलं—हो.

मी खालच्या खान्यावर बोट ठेवलं. "अन्... तारीख?"

"ते तुमचे बाबा अन् माहे बाबा बसून ठरवतीन." तिनं पेन परत खिशात अडकवला. "तवापर्यंत त्या खान्याले हात लावू नका. एक जानेवारी तर बिलकुल नको."

नाही लावला. फॉर्म खिशात ठेवला, तारखेच्या लोंबीसकट.