गोल उशी

बेल वाजली तेव्हा तिच्या दातांत दोरा होता आणि मांडीवर अर्धवट शिवलेलं सोफ्याचं कव्हर. दारात नेहमीच्या सिस्टर नव्हत्या. बॅग सावरत एक उंच तरुण उभा होता.

"सिस्टर रजेवर आहेत. त्यांच्या जागी मी आलोय. बाबा कुठे आहेत?"

आणि आत शिरल्या शिरल्या त्या आगाऊ माणसानं बाबांच्या कमरेखालची गोल उशी चक्क ओढून काढली!

"हे कुणाचं डोकं?"

"माझं!" ती फणकारली. "सोफे शिवते मी. माकडहाड टेकायला नको म्हणून मुद्दाम मधोमध भोक ठेवलंय."

"तिथंच घोळ झालाय. भोकाच्या कडेचा दाब भोवती पडतो आणि मधल्या कातडीचं रक्त अडतं." त्यानं बाबांना अलगद वळवलं. माकडहाडावर लालभडक चट्टा, मधे जरा सोललेलं. "सोललेल्या भागाला हात नको. कडेच्या लालीवर बोट दाबा... सोडा. पांढरं पडलं?"

"नाही—"

"पडायला हवं होतं. एका जागी पडून राहिल्याची जखम आहे ही, आणि आत्ताच सुरू झालीय. पावडर चोळता का?"

"रोज. चांगली जोर लावून."

"आजपासून बंद!"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मांडीचं हाड मोडल्यापासून बाबांचं सगळं ती एकटी करत होती, आणि हा कोण कुठला येऊन हुकूम सोडतोय! वर दादाचा फोन कानात घुमत होता : जखम चिघळली तर मी बाबांना वृद्धाश्रमात ठेवणार, तुझ्याच्यानं होत नाही. तिनं पाठ फिरवून बाहीला डोळे पुसले. त्या रडण्याचाही तिला राग आला.

त्यानं ते पाहिलं असावं. त्याचा आवाज एकदम उतरला.

"निम्म्या घरांत अशीच उशी सापडते मला," तो म्हणाला. "इतकी सुरेख शिवलेली मात्र... पहिल्यांदाच." आणि उशी काखोटीला मारून निघाला. "ही मी नेतो. माझी पाठ वळली की परत घालाल."

"चोर!" ती दारातून ओरडली.

त्याच तिरीमिरीत तिनं जाड फोम कापला आणि त्यानं तपासताना सांगितल्याप्रमाणे एका बाजूनं उतरत्या उशा शिवल्या. बाबांना पूर्ण कुशीवर वळवायचं नाही, खुब्यावर भार येतो; नुसतं तिरकं टेकवायचं. पोटऱ्यांखाली एक वेगळी, म्हणजे टाचा अधांतरी. पुढच्या खेपेला तो बूट काढून स्वतःच जमिनीवर त्यातल्या एका उशीला टेकून पडला.

"काय... उतरली का परीक्षेत?" तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"उठावंसं वाटत नाही," तो डोळे मिटून म्हणाला. मग एक डोळा उघडून तिच्याकडे बघून हसला. ती उगाचच कात्री शोधायला लागली.

सिस्टर रजेवरून आल्या, तरी येत राहिला तोच. चादरीच्या सुरकुत्यांवरून, अंड्या-दुधावरून, दर दोन तासांनी कूस बदलण्यावरून रोज खटके उडायचे.

"भांडा खुशाल," बाबा एकदा म्हणाले, "पण आधी माझी कूस बदला!"

आणि एका सकाळी त्यानं जखमेवरची पट्टी काढली. खाली गुलाबी, कोवळी कातडी होती. दादा मुद्दाम बघायला आला होता. त्यानं वाकून पाहिलं, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "बाबा इथंच राहतील."

आनंदानं नाचायचं सोडून ती त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली. जखम भरली म्हणून रडू येतंय, असली कसली मुलगी मी!

"आता... माझं यायचं काम नाही," तो बॅगेचा पट्टा चाळवत म्हणाला.

"माझी उशी आणून द्या आधी! मोठे आले साळसूद!"

"नाही देणार. रोज तिच्यावरच बसून जेवतो."

"अहो, वेड लागलंय का? तुम्हीच तर म्हणालात, त्यानं—"

"माहितेय." त्यानं मान वर केली. कान लाल झाले होते. "पण घरी माझ्यावर ओरडणारं कुणी नाही. तुम्ही... तू याल का? म्हणजे, येशील का?"

तिनं रागारागानं चपला पायात सरकवल्या. मग आत वळून बाबांना हाक मारली.

"बाबा, दादा आहे तुमच्याजवळ. मी जरा उशी आणायला जाऊन येते!"

"सावकाश ये," आतून बाबा म्हणाले. "माझी कूस आत्ताच बदललीय."