मोजणीतून बाद

“जरा धरा हे. उंच… अजून उंच!”

लिफ्टचं दार मिटता मिटता माझ्या हातात सलाईनची बाटली आली. स्ट्रेचरचा स्टँड ऐनवेळी मोडला होता आणि हिरव्या टोपीतला तो सर्जन पेशंट आजींच्या नाडीवर बोटं ठेवून उभा होता. वरच्या मजल्यापर्यंत मी हात खाली येऊ दिला नाही.

“पोरीचा हात जरासुद्धा हलत नाही हो,” आजी पडल्या पडल्या म्हणाल्या.

“बघतोय ना,” तो म्हणाला. बघत मात्र तो हाताकडे नव्हता.

लिफ्ट थांबली. “एक चहा लागतो मी तुमचा. कुठल्या वॉर्डात असता?”

“वॉर्डात नाही. ऑपरेशननंतर कुठल्या टीमचे पेशंट कसे राहतात, ते मोजते.”

“म्हणजे… आकडेबाई तुम्हीच?” त्याने टोपी काढली. “मी पोटाच्या ऑपरेशनची दुसरी टीम. तुमच्या यादीत तळाला.”

“मग अहवाल जाईपर्यंत चहा नाही.”

“लाच वाटेल?”

“चहा चांगला असला तर, हो.”

तळाला राहणारी टीम मोडून माणसं इतरांत वाटायची, असं समितीने ठरवलं होतं. त्याची टीम मी काचेतून पाहिली होती. त्याने हात पुढे करायच्या आत सिस्टर कात्री ठेवायची. असा मेळ बसायला वर्षं लागतात. तरी तो एकदाही रदबदली करायला आला नाही. माझ्या केबिनवरून जाताना फक्त रिकामा कप उंचावून दाखवायचा… आणि मी मान हलवून नकार द्यायचे. हळूहळू त्या नकाराच्या क्षणाची मी वाट पाहू लागले.

मग एका दुपारी त्याच आजी व्हीलचेअरवरून येताना दिसल्या. गाल भरलेले, मांडीवर स्वतःची उशी.

“काय झालं आजी? परत दुखतंय?”

“दुखतंय कशाला? ठरलेलंच होतं. त्या वेळी पोटातली घाण काढली, आता आतडं जोडणार. डॉक्टर म्हणाला, आधी खाऊन-पिऊन टुणटुणीत व्हा, मग या.”

मी जागीच थांबले. तीन महिन्यांच्या आत पेशंट पुन्हा टेबलावर आला, की आमच्या मोजणीत ते टीमचं अपयश. आजींचं हे भरल्या गालांचं परत येणंसुद्धा!

मी तडक त्याला गाठलं. “बोलला का नाहीत?”

“तळाचा प्रत्येक जण म्हणतो, माझेच पेशंट जास्त आजारी. तुम्ही विश्वास ठेवला असता?”

“नाही. तपासलं असतं.”

तपासलंच. सगळ्याच टीमचं. आधीपासून ठरलेली दुसरी ऑपरेशनं वेगळी काढली, पेशंट किती गंभीर होऊन आला तेही हिशेबात धरलं. समितीने प्रश्नांचा भडिमार केला, पण एकही आकडा हलला नाही. त्याची टीम वाचली.

संध्याकाळी तो केबिनच्या दारात आला. हातात दोन भरलेले कप.

“यादीत दुसरा नंबर? पहिला का नाही?”

“कारण पहिल्या नंबरची टीम तुमच्यापेक्षा चांगली आहे.”

तो खळखळून हसला. “आता तरी चहा?”

“त्याआधी एक सांगायचंय. पुढच्या वर्षी तुमची टीम दुसरं कुणीतरी मोजेल. आमच्या साहेबांना सकाळीच सांगून आले.”

त्याचं हसू मावळलं. “का? काही चुकलं माझं?”

“साहेबांनीही हेच विचारलं. म्हटलं, त्या टीमकडे मला आता तटस्थपणे बघता येत नाही.”

“टीमकडे?”

“टीममध्ये बरेच जण आहेत. सिस्टर आहेत, भूल देणारे डॉक्टर आहेत…” पहिल्यांदाच माझा आवाज जरासा हलला. “त्यातल्या एकाकडे.”

खालच्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत राहिलं. त्याने एक कप पुढे केला.

“धर.”

“उंच?” मी विचारलं.

“नको,” तो म्हणाला. “जवळ.”