पडदे ओढलेलं घर

“आज मी माझ्या भावाला बघितल्याशिवाय हलणार नाही, सांगून ठेवते!”

आक्काचा तो आवाज! घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारून पुकारून असा तयार झालेला, की पलीकडच्या गल्लीतल्या खिडक्याही पटापट उघडाव्यात. धाकटीने दोन्ही हात पसरून दार अडवलं खरं, पण तिचं अंतःकरण आतल्या आत पिळवटून निघालं... ज्या नणंदेने लग्न होऊन आल्यावर तिला आईच्या मायेने जवळ घेतलं, ‘धाकटी’ हे लाडाचं नावही जिने ठेवलं, तिलाच आज उंबऱ्यावरून परत पाठवायचं होतं!

“आक्का, हळू बोला ना... ते झोपलेत.”

“दर वेळी झोपलेलाच! दवाखान्यातून आल्यापासून पडदे ओढलेले, फोन बंद, पाहुणे बंद. अगं, टाके सुकले, केस उगवले, चांगला हिंडता-फिरता झाला म्हणे! तूच... तूच माझ्या भावाला माझ्यापासून तोडलंस!”

धाकटीचे डोळे भरून आले. काय सांगणार होती ती? दुकानांच्या पाट्या रंगवणारा तिचा नवरा शिडीवरून पडला, डोकं फुटपाथवर आपटलं. वरची जखम भरली. पण आत काहीतरी हललं होतं... दोघं एकदम बोलली की तो गोंधळे, उजेड त्याला बोचे, आंघोळ आणि नाश्ता एवढ्यानेच तो पोती वाहिल्यासारखा दमे. मनात येईल ते थेट जिभेवर येई. राग दुधासारखा उतू जाई आणि मग तो स्वतःच लहान मुलासारखा हमसून रडे. “मला असं कुणी बघू नये. आक्काने तर नाहीच. वचन दे!” असं त्याने विनवलं होतं, आणि तिने ते दिलं होतं. त्या वचनापायी शहर बस चालवण्याचं तिचं जिवापाड आवडीचं काम सोडून ती घरात शिवणकाम करत बसली, आणि घरभेदी, गर्विष्ठ असली सगळी दूषणं तिने निमूटपणे पदरात घेतली!

इतक्यात आतलं दार उघडलं.

“आक्का!” तो डोळे चोळत बाहेर आला. “किती जाड झालीस गं तू! आणि केसांचा हा रंग कुणी दिला? दुसरा हात मारायचाच विसरलेत.”

आक्का आनंदाने हसत सुटली, त्याला कवटाळून एका दमात दहा प्रश्न विचारू लागली... पिशवीत तिचा फोन खणखणू लागला, स्वयंपाकघरात चहाच्या किटलीने शिट्टी मारली—

“गप्प बसा! सगळे गप्प बसा!”

टेबलावरचा कप भिंतीवर फुटला. तो कान दाबून खाली बसला.

धाकटीने गॅस बंद केला, फोन बंद केला, पडदा आणखी ओढला आणि ती त्याच्यासमोर फरशीवर बसली.

“अहो, मी आहे.” ती थांबली. “आवाज थांबला.” पुन्हा थांबली. “पाणी देऊ?”

हळूहळू त्याचा श्वास सावरला. भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या आक्काकडे बघून तो रडू लागला. “हिला बोलू नकोस, आक्का. मीच म्हटलं होतं, कुणाला आत घेऊ नकोस. तुझा भाऊ वेडा झालाय, हे तुला कळायला नको होतं...”

“वेडे नाही हो!” धाकटी कळवळून म्हणाली. “आक्का, मेंदूला मार बसला की तो वरून दिसत नाही. नको असलेले आवाज आपला मेंदू आपसूक बाजूला सारतो, यांच्या डोक्यात सगळं एकदमच शिरतं. मग दमतात, तोल जातो. हा स्वभाव नाही, दुखापत आहे. सुधारणा होतेय... कुठवर होईल, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.”

“आणि हे सगळं तू एकटीने सोसलंस?” आक्काचा आवाज जन्मात पहिल्यांदा कुजबुजीवर आला. “आणि मी मेली तुलाच गावभर बदनाम करत फिरले!” तिने हात जोडले, धाकटीने ते झटकन आपल्या हातांत धरले, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून मनमुराद रडल्या... अर्थात, आवाज न करता!

“मला शिकव,” डोळे पुसत आक्का म्हणाली. “उद्यापासून मी येते, तू तुझी बस चालव. लिलाव काय, उजाडता उजाडता आटपतो. नंतर मी लोकांची उणीदुणीच काढत बसते, त्यापेक्षा हे बरं!”

शिकणं सोपं नव्हतं. एका वेळी एकच वाक्य बोलायचं, हे आक्काला भारीच जड गेलं. कितीदा तरी भावाने तिला घराबाहेर काढलं. ती जिन्यात बसे, जरा वेळाने दार हलकेच ढकलून पुन्हा आत येई. धाकटी मात्र पुन्हा गणवेश चढवून, आरसे नीट करून, मोठ्या दिमाखात गाडी बाहेर काढू लागली.

एकदा ती कामावरून परतली, तेव्हा तो एका छोट्या फळीवर अक्षर रंगवत होता. एकच अक्षर. ते पुरं करून त्याने ब्रश ठेवला आणि मान वर केली. अपघाताआधी कधीच मनातलं न बोललेला तो लाजाळू माणूस बहिणीला सरळ म्हणाला,

“आक्का, मला ही फार आवडते. पहिल्यापासून. सांगायचंच राहिलं होतं.”

“अहो, काहीतरीच काय! आक्कांसमोर?” धाकटी कानांपर्यंत लाल झाली.

“बोलू दे गं!” आक्का तोंडाला पदर लावून हसली.

धाकटीही हसली, आणि हसता हसता तिच्या गालांवरून आसवं ओघळू लागली... तो पार गोंधळला. “माझं काही चुकलं का?”

“नाही हो,” ती त्याच्याजवळ बसत म्हणाली. “पुन्हा एकदा म्हणा.”